तुम्ही विचारलंत म्हणून: कल्पनेच्या खेळात जादूचं चिलखत कोणी घडवावं?

लोहारानं. माझं उत्तर इतकंच असतं, पण ते ऐकून कोणाचं समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

पारशिवनी तालुक्यातल्या आमच्या गावात उन्हाळ्यात गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. या खेळात प्रत्येकजण एक पात्र घेतो आणि फासे टाकत सगळे मिळून साहसाची गोष्ट रचतात. गोष्ट सांगायचं आणि नियम बघायचं काम माझ्याकडे असतं. नवा खेळाडू आला की आज ना उद्या विचारतोच, "दादा, माह्या गड्यानं सारी जिंदगी ऐरणीवर काढली, मंग त्याले जादूचं चिलखत काहून बनवता येत नाही?"

येत नाही, कारण जुना नियम तसा होता. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत जादूची शस्त्रं आणि चिलखतं बनवण्याचं कसब (पात्राला मोजकीच निवडता येणारी खास क्षमता) घ्यायचं तर पात्र मंत्र टाकणारं हवं आणि त्यातही किमान पाचव्या पातळीचं. हातोडा धरता येतो की नाही हे कोणी विचारत नाही. उत्तम घडणीचं चिलखत आधी तयार हवं एवढीच अट, आणि ते बाजारातून विकत आणलं तरी चालतं.

आता त्याच आवृत्तीतला हिशेब बघा. अंगभर पत्र्याच्या चिलखताची किंमत 1500 सुवर्णमुद्रा. कारागिराची दर आठवड्याची फाशाची फेक, कौशल्य मिळवून, 20 धरली तरी ते पुरं व्हायला 40 आठवड्यांच्या वर लागतात, आणि उत्तम घडणीसाठी अजून काही आठवडे. मग मांत्रिक येतो, 500 मुद्रा आणि साहसांतून कमावलेले 40 अनुभवगुण खर्च करतो आणि एका दिवसात त्यावर पहिली जादू चढवतो. गावभर नाव कोणाचं? मांत्रिकाचं. हे मला मनापासून खुपतं. आपल्याकडे बलुतेदारीत लोहारानं वर्षभर फाळ पाजवून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याची वाट बघायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कल्पनेच्या जगातही त्याच्या हाताला दुय्यम का ठेवायचं?

आणि जुन्या कथा तर कारागिराच्याच बाजूनं बोलतात. ऋग्वेदात इंद्राचं वज्र त्वष्ट्यानं, म्हणजे देवांच्या कारागिरानं घडवलं. उत्तर युरोपच्या पुराणकथांत थोर नावाच्या गडगडाटाच्या देवाचा हातोडा बुटक्या लोहारांच्या भट्टीतून आला. देव तिथे गिऱ्हाईक आहेत.

आमच्या तालुक्यातल्या नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, लोहकीट सापडलं. काळ इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिलावर्तुळांत, म्हणजे दगडांनी वेढलेल्या जुन्या दफनांत, लोखंडी हत्यारं निघाली, घोड्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज निघाला. मातीतून लोखंड काढणारा माणूस त्या काळच्या लोकांना काय वाटला असेल? मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. पोलाद पाण्यात विझवलं की कडक होतं पण ठिसूळही होतं, म्हणून पुन्हा हलकं तापवतात. घासलेल्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा रंग येतो, साधारण 220-230 अंशांना, आणि 300च्या आसपास निळा. भट्टीत थर्मामीटर नसतो. नुसत्या रंगावरून नेमका क्षण पकडायचा, ही विद्या मंत्रापेक्षा कमी कशी?

खेळ रचणाऱ्यांनाही हे हळूहळू पटलेलं दिसतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीवरून निघालेल्या पाथफाइंडर या खेळात 2009 साली निष्णात कारागिराला मंत्राशिवाय ही वाट मिळाली, पण त्यासाठी एक जादा कसब खर्चावं लागायचं. 2019च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत मंत्राची अट उरली नाही. हस्तकौशल्यात तज्ज्ञ असावं आणि जादूच्या घडणीचं कसब घ्यावं, एवढं पुरे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या, डाव चालवणाऱ्यासाठीच्या मार्गदर्शिकेत मात्र मांत्रिकच हवा असं पुन्हा लिहिलं होतं. 2024ला ते गेलं, आता अवजारांचं कौशल्य आणि गूढविद्येचं ज्ञान लागतं. मला पाथफाइंडरची अट जास्त आवडते. थोडंफार शिकलेल्याला नाही, तज्ज्ञालाच. त्यामुळे हातोडा घेतला आणि दुसऱ्या दिवशी जादूचं चिलखत, असं होत नाही.

"मंग मांत्रिकाले काय उरलं?" हा पुढचा प्रश्न. भरपूर उरलं. मंत्रलेखाच्या गुंडाळ्या, कांड्या, हे सगळं त्याचंच. शिवाय चिलखतानं आग अडवायची असेल तर आग अडवणारा मंत्र कोणाला तरी यायलाच हवा. आमच्या डावात अशा वेळी मांत्रिकानं भट्टीपाशी येऊन, लोखंड लाल असतानाच मंत्र म्हणायचा. वार अडवण्याची साधी वाढ मात्र एकट्या लोहाराची, त्यात कोणाची मदत लागत नाही. वेळही दोघांना सारखाच लागतो. एका दिवसाची सवलत मी काढून टाकली आहे. यावर मांत्रिक खेळणारी पोरं कुरकुरतात, पण आता त्यांची पात्रं भट्टीवर बसून लोहाराशी बोलू लागली आहेत, भाता ओढू लागली आहेत. डावातले सगळ्यात चांगले संवाद मी तिथेच ऐकले.