सेक्स्टंट दुरुस्तीची नोंद: आरसे थांबले, आधी अंशपट्टी

सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजून जहाजाचं स्थान काढायचं यंत्र. त्याच्या आरशांचं काम बाजूला ठेवून या आठवड्यात फक्त अंशपट्टी, म्हणजे अंशांच्या रेघा आखलेला चाप, हाती घेतली. चोरबाजारातून आणलेल्या या व्हर्नियर (अंशाचे बारीक भाग वाचायची सरकती छोटी पट्टी) सेक्स्टंटवर कुणाचंच नाव नाही. मूळ शोधायचं तर रेघांनाच विचारावं लागणार. मऊ कापड आणि मशीन ऑइलचा थेंब, एवढ्यावर भागवलं. पितांबरी किंवा ब्रासो इथे अजिबात नको. चकाकी येते, पण रेघा झिजतात आणि गेलेली रेघ परत येत नाही.

माझ्या मते सेक्स्टंटचा खरा जन्म या रेघांतच होतो. दोन आरशांतल्या दुहेरी परावर्तनामुळे ६० अंशांचा चाप १२० अंश मोजतो, त्यामुळे आखणीतली चूकही दुपटीने वाचली जाते. सूर्याच्या उंचीत एका मिनिटाची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक झाली की स्थानरेषा, म्हणजे नकाशावर जहाज जिच्यावर असतं ती रेषा, एक सागरी मैल सरकते! इंग्रज गणितज्ञ जॉन हॅडलीने १७३१ मध्ये सेक्स्टंटचा पूर्वज, ऑक्टंट मांडला. पुढे कॅप्टन कॅम्पबेलच्या सूचनेवरून लंडनचा यंत्रकार जॉन बर्डने सेक्स्टंट घडवला. पण विभागणी, म्हणजे चापावर रेघा आखायचं काम, हाताने व्हायचं. चूक आटोक्यात ठेवायची तर चाप मोठा हवा, म्हणून यंत्र जड. लंडनचाच यंत्रकार जेसी रॅम्सडेन याच्या विभाजन यंत्राने, म्हणजे रेघा आखणाऱ्या यंत्राने, हे गणित बदललं. त्याच्या चाकाला २१६० दाते होते. स्क्रूचा एक फेरा म्हणजे नेमकी १० मिनिटं. लाँगिट्यूड बोर्डाने (समुद्रावर रेखांश काढायच्या उपायांना बक्षिसं देणारं ब्रिटिश सरकारी मंडळ) त्याला ६१५ पौंड दिले आणि अट घातली, की इतरांचे सेक्स्टंटही ६ शिलिंगांत आखून द्यायचे. म्हणून जुन्या सेक्स्टंटवर नाव एका कारागिराचं आणि चापावर रॅम्सडेनच्या आखणीची खूण असलेला नांगर, असंही सापडतं.

माझ्या पट्टीवर नांगर नाही. पण व्हर्नियरचा शून्य एखाद्या रेघेवर आणला की त्याची शेवटची रेघही जुळते, आणि चापावर कुठेही तपासलं तरी जुळते. आखणी चोख आहे, याचा मला फार आनंद झाला.

नव्याने घेणाऱ्यांना एक सांगतो. 'केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७' असं कोरलेलं पितळी यंत्र दिसलं तर ते शोभेचं समजा. केल्विन आणि ह्यूज या कंपन्या १९४७ मध्ये एकत्र आल्या, मग १९१७ साली ते जोडनाव येणार कुठून?

आता आरसे. जुन्या काचा ठेवून मागचा मुलामाच नवा करायचा आहे. मग वरळी सी-फेसवर क्षितिज धरून इंडेक्स चूक, म्हणजे कोन शून्य असताना पट्टी दाखवते तो फरक, काढेन. भुलेश्वर-गिरगाव भागात असं काम करणारा कारागीर कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.