कूर्चेचं मॉडेल: दुसऱ्या नोडवरचा जादा दाब अखेर सापडला

सांध्यातल्या कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या पाणीदार मऊ अस्तराचं, कॉम्प्युटर मॉडेल करतोय. मागच्या वेळी त्याच्या जाळीतल्या (मेश) ज्या बिंदूवर, म्हणजे नोडवर, अडकलो होतो, तो आठवतोय ना? वरून भार ५ किलोपास्कल, आणि पृष्ठभागाच्या लगेच खालच्या नोडवर पाण्याचा दाब त्याहून जास्त. कन्फाइन्ड कम्प्रेशनमध्ये, म्हणजे बाजू बंद आणि पाणी फक्त वरून निघतं तेव्हा, हे शक्यच नाही. पाणी फार तर सगळा भार उचलेल, वरचा दाब येईल कुठून? काल रात्री मूळ सापडलं आणि आनंदाने झोपच उडाली.

दोन शनिवार-रविवार पर्मिएबिलिटीवर (पाणी कूर्चेतून किती सहज वाहतं तो आकडा) संशय घेण्यात गेले. मीटरमधून मिलिमीटरमध्ये येताना १२ शून्यं हलतात, चूक तिथेच असेल असं वाटत होतं. पण मी घातलेलं ०.००१ बरोबरच निघालं. मग आपण सगळेच करतो ते केलं, टाइम स्टेप, म्हणजे गणित वेळेत एकेक पाऊल पुढे जातं ते पाऊल, १ सेकंदावरून ०.१ वर आणली. दाब आणखीच उसळला!

गोम तिथेच होती. पहिल्या ०.१ सेकंदात पाणी निसटतं ते वरच्या जेमतेम ७ मायक्रॉनच्या थरातून, आणि माझा एलिमेंट, म्हणजे जाळीतला एक थर, १०० मायक्रॉनचा. दाबाचा एवढा तीव्र उतार त्यात मावत नाही. व्हर्मीर आणि व्हेरुइट यांनी १९८१ मध्येच मातीच्या कन्सॉलिडेशनसाठी (पाणी निघून माती दबते त्यासाठी) हे मांडलंय: एलिमेंटच्या जाडीचा वर्ग भागिले मॉड्युलस (ताठरपणा) आणि पर्मिएबिलिटीच्या गुणाकाराची सहापट, स्टेप त्याहून लहान नको. ०.५ मेगापास्कल मॉड्युलसला माझ्या मेशसाठी ते ३.३ सेकंद येतं.

आता वरचा थर १० मायक्रॉनचा, खाली प्रत्येक थर १.२ पट जाड. दीड मिलिमीटरला १५ ऐवजी १९ एलिमेंट, बस्स! १५ मिनिटांनंतर पृष्ठभाग ७.५ मायक्रॉन दबलेला आणि तळाशी भाराच्या ७७ टक्के दाब. हातच्या गणिताशी तंतोतंत जुळलं. तो सरळ उतरणारा आलेख मी किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

मी वापरतो ते फेबिओ (FEBio) सॉफ्टवेअर फुकट असूनही बायफेजिकसाठी, म्हणजे घन आणि पाणी एकत्र धरणाऱ्या मॉडेलसाठी, मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

पुढे ताणानुसार बदलणारी पर्मिएबिलिटी घालणार होतो. पण हे लिहिताना सुचलं, अनकन्फाइन्डमध्ये, म्हणजे बाजू मोकळ्या ठेवून दाबताना, पाणी बाजूने निघतं, म्हणजे बारीक थर वर नकोत, कडेला हवेत. आर्मस्ट्राँग, लाय आणि मो यांचं त्याच चाचणीचं १९८४ चं गणिती उत्तर ताडून बघायला आहेच. आधी तेच. आज रात्री पाचर-मेश (गोल नमुन्याच्या एका फाकेचीच जाळी) बनवून रन लावतो.