काचेविना बिअर, पाठपिशवीतून

आजच्या डोंगरवाटेवर घरी बनवलेली बिअर काचेची एकही बाटली न वापरता मुक्कामापर्यंत फेसासकट पोहोचली, याचे सारे श्रेय सोड्याच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीला द्यायला हवे. अर्ध्या लिटरची काचेची बाटली रिकामीच पाव किलोहून अधिक भरते, तर त्याच मापाची प्लॅस्टिकची बाटली जेमतेम २५ ते ३० ग्रॅमची असते. मात्र ती सोड्याचीच हवी, कारण ती वायूचा दाब सोसण्यासाठीच घडवलेली असते. साध्या पाण्याच्या पातळ बाटलीवर असा भरवसा टाकू नये.

काल रात्री केगमधली (बिअर दाबाखाली साठवायच्या धातूच्या पिंपातली) बिअर चांगली गार करून, नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून सावकाश भरली, कारण थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळून राहतो आणि फेस कमी उसळतो. मग बाटली दाबून फेस अगदी तोंडाशी आणला, उरलेली हवा बाहेर काढली आणि झाकण घट्ट केले. चेपलेली बाटली आतल्या दाबाने हळूहळू पुन्हा टणक होते, हे पाहण्यात मला दरवेळी बालिश आनंद मिळतो. बाटलीतच यीस्टने आंबवून वायू धरलेली बिअर नेली असती, तर तळाचा यीस्टचा गाळ दिवसभराच्या हेलकाव्यांनी ढवळून निघाला असता.

उन्हाने बिअरमधल्या हॉप्सला (तिला कडवटपणा देणाऱ्या फुलांना) उग्र वास येतो, म्हणून बाटल्या जाड मोज्यांत गुंडाळल्या होत्या (मोजे धुतलेले होते, हे नमूद केलेले बरे). मुक्कामी त्या ओढ्यात बुडवून गार केल्या, झाकण किंचित सैल करून दाब सोडला आणि रिकाम्या झाल्यावर चेपून पिशवीत परत ठेवल्या.