हात नाही, बाण चुकत होता

मी परतवाड्याकडे बांबूची धनुष्यं आणि बाण बनवतो, इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या धनुष्याची तिरंदाजी, खेळणाऱ्या पोरांसाठी. परवा एक कोच एका मुलीला घेऊन आले, सोबत बाहेरून मागवलेला बाणांचा कोरा सेट. ३० मीटरवर सगळे बाण डावीकडे जातात, सर म्हणे हिची दोरी सोडायची पद्धतच बिघडलीय. पोरगी मान खाली घालून उभी.

मागच्या वावरात थोडे मारायला लावले. दोरी छान सुटत होती हो, पण बाण डावीकडे, तेही एकाच जागी गोळा! हात बिघडला असता तर चहूकडे पांगले असते ना.

माझ्याकडे भिंतीवर दोन खिळे आहेत, २६ इंच अंतराने. त्यावर बाण आडवा ठेवायचा, मधोमध २ पौंड म्हणजे साधारण ९०० ग्रॅम वजन लटकवायचं, जेवढे इंच वाकेल त्याने २६ ला भागायचं, तेवढ्या पौंडाच्या, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या धनुष्याला तो चालतो. हा जेमतेम अर्धा इंच वाकला, म्हणजे ५२! पोरीचं धनुष्य तिशीचं. बाण सुटताना धनुष्याला वळसा घालत लचकतो, कडक असला की लचकतच नाही आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे जातो.

"सर, मी सांगत होते ना," ती हळूच म्हणाली. सर गप.

बांबू मात्र झकास, उगाच नावं कशाला ठेवू. भरीव मानवेलाच्या कामट्या तासलेल्या, बांबूच्या धाग्यांची रेषा टोकापासून दोरी अडकवायच्या खाचेपर्यंत सलग. तिरकी रेषा बाहेर निघालेली असेल तर मी तो बाण दोरीला लावूच देत नाही, सुटतानाच फुटतो आणि चीर थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसते. एकाला भुंग्याचं बारीक भोक होतं, टिचकी मारली की पीठ गळायचं, तो बाजूला काढला. कोवळा बांबू तोडला की हे होतंच, म्हणून मी तीन वर्षांवरचा, थंडीत तोडलेला घेतो आणि सावलीतच वाळवतो.

मग काचेच्या तुकड्याने खरवडत बसलो. ९ मिमीचा ८ केला की कडकपणा एक तृतीयांशाहून जास्त उतरतो, त्यामुळे दोन हात मारले की परत खिळ्यांवर. चारी बाजूंनी सारखं खरवडायचं, खाचेजवळची गाठ मात्र सोडायची, तीच खाच फाटू देत नाही.

संध्याकाळी पोरीने मारले, बहुतेक निशाणाच्या मधल्या लाल-पिवळ्यात. सर म्हणाले, "दादा, पुढचा सेट तुम्हीच करा." म्हटलं करतो, पण बांबू अजून ओला आहे, होळीच्या आधी मागू नका.