जाऊन राहिल्या का जी?

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

कूलर सुरू आहे, तरी झोप नाही. आज मी काकूंवर ओरडले.

मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या, खिडकीजवळच्या काकू. दोनला माझी ड्युटी संपली की ॲप्रनचा कोपरा धरतात, "सिस्टर, जाऊन राहिल्या का जी?" तीन आठवडे रोज हेच. आज मी खेकसले, "हो, जाते! घर नाही का मला?" त्यांनी कोपऱ्यावर पडलेली चुणी आधी अंगठ्यानं सपाट केली, मग सोडला.

व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला तो अंगठा डोळ्यांपुढे आला. वॉर्डात थुंकणारे, शिव्या देणारे पेशंट आहेत. त्यांचा असा राग येत नाही. मग ह्यांचाच का? भाऊ काटोलहून त्यांना घेऊन आला, "औषध घेऊन येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. त्याला विचारायचा प्रश्न त्या मला विचारतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड ह्याला ट्रान्सफरन्स म्हणतो: जुन्या नात्यातलं सगळं समोरच्या माणसावर येऊन पडतं. आणि मीही अगदी त्या भावासारखीच हात सोडवून निघाले.

विनिकॉट नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1949 साली लिहिलंय की अशा पेशंटचा राग, तिटकारा येणारच. तो स्वतःशी कबूल केला तरच आपल्या हातून त्या रागापोटी काही घडणं कमी होतं. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीजनं 1960 मध्ये लंडनच्या नर्सेसबद्दल लिहिलं. दुःखाच्या फार जवळ जावं लागू नये म्हणून त्या पेशंटला नावानं नाही, "दहा नंबरचं लिव्हर" असं म्हणायच्या. माझ्या रिपोर्ट बुकात काय आहे? "सहा नंबर, अटेन्शन सीकिंग." अक्षर माझंच.

मनोविश्लेषण म्हणजे कोचावर पडून वर्षानुवर्षं बोलणं, ते आपल्या वॉर्डात कुठलं, असं सगळे म्हणतात. कोच नाहीच जमणार. काकूंच्या कानातले आवाज गोळ्यांनीच कमी झालेत, त्या बंद करून चालणार नाही. पण ड्युटी बदलतानाच्या हॅन्डओव्हरला दहा मिनिटं आम्ही एकमेकींना विचारू शकतो, ह्यांच्याजवळ गेलं की तुला काय होतं? इन्चार्ज सिस्टरांशी बोलणार आहे. कुणी ऐकलं नाही तरी बोलणार.

आत्ता लक्षात आलं. उद्या माझी मॉर्निंग नाही, नाइट आहे. दोन वाजता काकू दाराकडे बघत बसतील आणि मी त्यांना सांगूनच आले नाही. सकाळी उठल्याबरोबर वॉर्डात फोन करते.