देव माफ करतो म्हणजे नक्की काय करतो?

आमच्या वसईत ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ आला की चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, रांगा लागतात आणि मग कोणीतरी हमखास विचारतंच, एवढं सगळं करून नुसतं फादरला सांगितलं की झालं का? मला अशा वेळी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राचा बाप आठवतो. बापाची मालमत्ता उडवून कंगाल झालेला पोरगा मनात ठरवूनच घरी निघालेला असतो, की सांगायचं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरासारखं ठेवा, पण ते मजुराचं वाक्य तोंडातून निघायच्या आत बाप झगा, अंगठी, चपला आणायला सांगून मोकळा! आणि त्याआधी दुरूनच बघून धावत जाऊन गळ्यात पडलेला असतो तो. म्हणजे माफी आपण कमवत नाही, ती मिळते. मला हे फार मोठं वाटतं.

पण म्हणून भरपाई सुटत नाही हां. शेजाऱ्याच्या वाडीत बांध सरकवला असेल तर कॅथलिक शिकवणीप्रमाणे पापाची क्षमा झाली तरी बांध मागे घ्यावाच लागतो. बायबलमधल्या जकातदार जक्कयाचंच बघा ना, येशू आधी त्याच्या घरी उतरला, आणि मग तो स्वतःहून उभा राहून म्हणाला की ज्याला फसवलंय त्याला चौपट परत देतो.