नवतपात टाकीतलं कोण टिकतं

दुकानातल्या एकाच काचेच्या टाकीत गोल्डफिश, एंजल, गप्पी, तळाशी दोन सकर आणि दगडावर बसलेलं लाल कानाचं पिटुकलं कासव, असं सगळं मजेत दिसतं. तिथं ते नांदत नसतं, मुक्कामाला असतं. आठ-दहा दिवसांत विकलं जातं, आणि एकमेकांचे पंख कुरतडायला नि आजार फिरायला तेवढा वेळ पुरत नाही. तोच गोतावळा घरी आणला की पुढचा मे महिना त्याला तुमच्या घरात काढायचा असतो. म्हणून कोण कोणासोबत राहील, हे आपल्याकडे विदर्भात रंगावर नाही तर नवतपावर, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांवर, ठरवायचं.

टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या टाकीचं पाणी मे महिन्याच्या दुपारी 36 अंशांवर सहज जातं. कवेलूच्या (कौलारू) घरात थोडं कमी. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात आणि 36 अंशांना सातच्याही खाली. नेमक्या त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. दुसरी गोष्ट माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियाची. तो पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी. सामू (pH, पाण्याच्या आम्ल-अल्कतेचं माप) 8 असताना 20 अंशांना हा विषारी हिस्सा 4 टक्क्यांच्या आसपास असतो, 30 अंशांना साडेसात, 35 ला 10 च्या घरात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी साडेसात ते आठ सामूचंच निघतं. हिवाळ्यात जी घाण मासे सोसतात, तीच मे महिन्यात त्यांना मारते, ती यामुळे.

या हिशेबात पहिला बाद होतो गोल्डफिश. तो थंड पाण्याचा, 18 ते 22 अंशांत खुश. खातो खूप, घाण त्याहून जास्त, आणि सहा-आठ इंच वाढतो. त्याच्या जोडीला गप्पी सोडले तर पिल्लं त्याच्याच पोटात जातात. ज्यांना गोल्डफिश हवाच, त्यांनी तो एकटा किंवा जोडीनं, सावलीतल्या मोठ्या सिमेंटच्या हौदात ठेवावा. सिमेंट नवं असेल तर पाणी भरून चार-पाच दिवसांनी फेकायचं, असं तीन-चार वेळा. नाहीतर चुन्यानं सामू 9 च्या वर जातो.

सकर ‘टाकी साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जातो. शेवाळ खातो खरा, पण विष्ठा शेवाळापेक्षा जास्त टाकतो आणि मोठा झाला की फूटभराच्या पुढं जातो. रात्री अंधारात तो गोल्डफिशच्या किंवा एंजलच्या चपट्या कुशीला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी कुशीवर रुपयाच्या नाण्याएवढा पांढुरका चट्टा दिसतो, कडेचे दोन-तीन खवले उभे राहिलेले असतात. दोन दिवसांत तिथं कापसासारखी बुरशी धरते. औषध बुरशीचं दिलं जातं आणि सकर तिथंच राहतो. मोठा झालेला सकर नाल्यात किंवा मालगुजारी तलावात सोडायचा नाही. तिथं तो मजेत वाढतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि नुकसान मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर बांधवांचं होतं.

फायटर नर एकटाच, 15-20 लिटरच्या टाकीत. तो वरची हवा घेऊन जगू शकतो, त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यात इतरांपेक्षा जास्त तगतो. मात्र झाकणाखाली दोन इंच हवा मोकळी पाहिजे. गप्पीची रंगीत शेपूट त्याला दुसरा फायटर वाटते, म्हणून ती जोडी नको. टायगर बार्ब लांब पंखवाल्या कुठल्याही माशाचे पंख खातो. एंजल लहानपणी गरीब दिसतो, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो. निऑन तर आपल्या जड (जास्त क्षारांच्या) पाण्यात तसाही महिना-दोन महिन्यांचा पाहुणा.

पावसाळ्यात पोरं नाल्यातून मरळची तांबूस पिल्लं आणतात. दिसायला सुंदर, पण ती दुसऱ्या माशांसोबत ठेवायची नाहीत. मरळ शिकारी आहे, वर उडी मारून टाकीबाहेरही पडतो. शिवाय रानातल्या माशासोबत माशांची ऊ नि अंगात रुतणारा दोऱ्यासारखा परजीवी घरात येतो.

कासवाचं दोन वाक्यांत. लाल कानाचं कासव ताटलीएवढं होतं, मासे खातं आणि त्याच्या पाण्यातून लहान मुलांना साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होऊ शकतो. आणि विहिरीत ‘पाणी स्वच्छ ठेवतं’ म्हणून सोडलेलं गावचं कासव 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, ते पाळणं गुन्हा आहे.

हल्ली मोबाइलवर पाहून अॅक्सोलॉटल आणि न्यूट हे पाण्यात राहणारे, बेडकाच्या वर्गातले शेपटीवाले प्राणी मागवायची हौस आली आहे. अॅक्सोलॉटलला 16 ते 18 अंशांचं पाणी लागतं, 24 च्या वर तो खाणं सोडतो. चिलर नावाचं यंत्र आणि चोवीस तास वीज नसेल तर आपल्याकडे त्याला आणणं म्हणजे त्याचा जीव घेणं. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणीही लागते. न्यूट तर माशांसोबत ठेवायचाच नाही. लाल पोटाच्या न्यूटच्या कातडीत विष असतं, उलट मासेही त्याला कुरतडतात. दोन जातींचे न्यूटही एकत्र नकोत. आशियातले न्यूट एका बुरशीचे वाहक असतात, स्वतः ठणठणीत दिसतात. युरोपातले सॅलमँडर, म्हणजे न्यूटचेच भाऊबंद, तिनं झपाट्यानं मेले आणि 2013 मध्ये ही बुरशी ओळखली गेली.

मग ठेवायचं काय? गप्पी, मॉली, प्लॅटी, सोर्डटेल हा एकाच कुळातला गोतावळा. जड पाणी त्यांना मानवतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात जिथं दुसरे मासे नाराज असतात, तिथं मॉली उलट खुलते, तिला पाण्यात थोडं मीठ चालतंच. 36 इंच लांब, 15 रुंद, 15 उंच टाकी 130 लिटरची होते. वरची दोन इंच जागा आणि वाळू वगळून 110 लिटर धरा. त्यात 10-12 मासे, त्याहून जास्त नाही. एका नरामागे दोन माद्या, नाहीतर नर मादीला पाठलाग करून थकवून मारतात. गप्पी चार आठवड्यांत पुन्हा पिल्लं देते, आणि एकदाच्या मिलनावर पुढची बरीच बाळंतपणं उरकते. उरलेले गप्पी ढोरांच्या हौदात सोडा, डासांच्या अळ्या खातात. आरोग्य खातंही त्याच कामासाठी ते सोडतं. तलावात मात्र नको.

नव्या टाकीत पहिले चार ते सहा आठवडे दोन-तीनच मासे, दिवसातून एकदा चिमूटभर खाणं. अमोनिया पचवणारे जंतू तयार व्हायला एवढा वेळ लागतो. सगळे एकदम सोडले की दुसऱ्या आठवड्यात मासे वर तरंगायला लागतात आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो.

पाण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर टाकलेली असते, तीत क्लोरिन असतो. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, शक्यतो एअर पंपाचा दगड सोडून. घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुडीवरच्या मापानं. बोअरचं ताजं पाणी थेट ओतू नका, त्यात प्राणवायू कमी असतो. बादलीतून बादलीत चार वेळा उंचावरून ओतून घ्या. छतावरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी तर हातही पोळतं, ते कधीच नको. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदला, सकाळी सहा-सातला.

थंडावा कूलरनं मिळतोच, टाकी कूलरच्या खोलीत ठेवली की निम्मं काम होतं. नुसता टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावला तरी आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. मात्र दिवसाला लिटर-दोन लिटर उडून जातं आणि क्षार मागंच राहतात. भरतीला बोअरचंच पाणी घातलं तर काचेवर पांढरा पट्टा चढत जातो, कूलरच्या खसेवर चढतो तसाच. म्हणून भरती आरोच्या कॅनच्या पाण्यानं करा. बर्फाच्या बाटलीवर फार भरवसा नको: अर्धा लिटरची गोठलेली बाटली 50 लिटर पाणी जेमतेम एका अंशानं उतरवते. एका तासाला एकच. पाच बाटल्या एकदम टाकल्या तर झटक्यानंच मासे जातात. कूलरचा पंप टाकीत सोडू नका, तो पाणी तापवतो आणि शॉकही देऊ शकतो.

लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. तो नसेल तर दर पंधरा मिनिटांनी मगानं दहा-बारा वेळा पाणी उचलून वीतभर उंचीवरून सोडा, आणि त्या दिवशी खाणं बंद. बंद डब्याचा फिल्टर उन्हाळ्यात पाच-सहा तास थांबला तर आतले जंतू मरून सडतात. वीज आल्यावर तसाच चालू केला तर ती घाण टाकीत येते. आधी स्पंज टाकीतून बादलीत काढलेल्या पाण्यात पिळून घ्या. म्हणून खेड्यात डब्याच्या फिल्टरपेक्षा साधा स्पंज फिल्टर बरा.

नवा मासा आणला की तीन आठवडे वेगळ्या 20 लिटरच्या टबात. पांढरे ठिपके दिसले तर लिटरमागे 2 ग्रॅम खडे मीठ, दोन दिवसांत विभागून. डिसेंबरात पाणी 16-17 वर उतरलं की हे ठिपके हमखास येतात. लिटरमागे एक वॅटचा हीटर लावून पाणी 26 वर धरा.

आणि पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी चालू असेल त्या दिवसांत टाकीवर ओलं फडकं टाका, हवेचा पंप खिडकीपासून दूर ठेवा. फवारणीच्या बादलीला दहादा धुतलं तरी ती टाकीसाठी वापरायची नाही. फवारून आलेला हात साबणानं धुतल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही. डासांची अगरबत्ती नि लिक्विड त्याच खोलीत लावायचं नाही. माणसाला कळतही नाही एवढ्या थोड्या औषधानं सगळी टाकी रात्रीत आडवी होते.